पुठ्ठ्याच्या डबीतलं पाणी

माझ्या कचऱ्याच्या डब्यात हात घालून बघणारा घरमालक मला जन्मात एकच भेटला. मांजरसुंब्याला खोली घेऊन जेमतेम चार दिवस झाले होते. सकाळी शाळेला निघायची घाई, केस अर्धे विंचरलेले, आणि जिन्याखाली हा बाबा माझा डबा पालथा घालून उकिडवा बसलेला. हातात पाण्याची बाटली.

"मॅडम, ही तुमचीच का?"

"माझ्या डब्यात शेजाऱ्याची कशी येईल?" मी तडकलेच. "आणि लाज नाही वाटत, बाईमाणसाचा कचरा उचकटता ते?"

ते चिडले नाहीत. झाकण काढून त्यांनी बाटली तुळशीवर उलटी धरली. तळाला घोटभर पाणी राहिलं होतं, ते शेवटच्या थेंबापर्यंत पडू दिलं. "ह्यात पानी व्हतं," म्हणाले. असं म्हणाले की मी जणू डब्यात जिवंत माणूस टाकला होता. मग उठता उठता, "भाडं चार दिस उशिरा द्या, चालंल. पर ह्या घरात बाटली आणायची न्हाई."

मी त्याच दिवशी दुसरी खोली बघायला निघाले होते. पण फाट्यावरचं गाव, सगळीकडे ढाबे आणि ट्रक, एकट्या बाईला धड खोली मिळायची मारामार. लिंबागणेशच्या शाळेला जायला इथूनच जीप मिळायची. राहिले झालं! बाटल्या मात्र आणतच होते. रिकामी झाली की पर्समध्ये कोंबायची आणि शाळेच्या कचऱ्यात टाकायची. आणि त्याच शाळेत पाचवीच्या पोरांना प्लास्टिकचे दुष्परिणाम शिकवायचे. काय करणार, पुस्तकात तेच होतं.

गावात ह्या घरमालकांना जहाजवाले आप्पा म्हणत. लिंगायत वाण्याचं घर. थोरला भाऊ फाट्यावरचं किराणा दुकान बघायचा, आणि आप्पांनी ऐन तरुणपणी मुंबई गाठून प्रवासी जहाजाची नोकरी धरली होती आणि उतारवयात सोडली होती. असली जहाजं म्हणजे तरंगतं गावच, नाचगाणी, बाजार, पोहायचे तलाव. बीड जिल्ह्यातल्या माणसानं ऐकून आ वासावा असं सगळं. गावातले निम्मे लोक त्यांना कप्तान समजत होते, आणि घरच्यांनीही तो समज खोडला नव्हता. मला मात्र त्यांनी स्वतःच एकदा सांगून टाकलं.

"कसला कप्तान मॅडम! मी कचऱ्याच्या खोलीत व्हतो. तळाला. लोकं किनाऱ्यावर फिराया जायची, दोन दोन बाटल्या संगं न्यायची, अन् अर्ध्या अर्ध्या वापस आणायची. चेपायच्या मशीनीत घालायच्या आदी बाटली रिकामी पायजे. मंग काय, झाकण काढायचं अन् वतायचं. झाकण काढायचं अन् वतायचं. सकाळपासून संध्याकाळपातुर."

"म्हणजे पिण्याचं पाणी?"

"मंग काय गटारीचं? चांगलं शीलबंद पानी! अन् हिकडं माझी माय टँकरच्या मागं घागर घिऊन पळायलेली. फोनवर इचारायची, कावून रं, काय काम करतूस? काय सांगावं? पानी वतायला ठिवलंय म्हनून सांगावं?"

त्या दिवसापासून बाटल्या पर्समध्ये लपवताना मला जरा चोरट्यासारखं व्हायला लागलं, हे मात्र खरं.

माणूस वाईट नव्हता, फक्त डोक्यात कुठला पेच कधी फिरेल याचा भरवसा नव्हता. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आम्हा तिन्ही भाडेकरूंना अंगणात उभं करायचे. पायात चप्पल, हातात काही नाही, मोजदाद करून घ्यायची. जहाज बुडायला लागलं तर कुठं जमायचं, त्याचा सराव! पंचक्रोशीत गुडघाभर पाणी नाही, विहिरी कोरड्या ठाक, आणि आम्ही बुडायची तालीम करतोय. खालच्या खोलीतले खतविक्रेते एकदा म्हणाले, "आप्पा, आपून बुडायला आदी पानी तर यिऊ द्या." आप्पा गंभीरपणे म्हणाले, "येळ सांगून येत न्हाई." पुढच्या रविवारी खतविक्रेते चप्पल घालून सगळ्यांच्या आधी हजर. मीही. का, ते विचारू नका.

पाणी ते गाळल्याशिवाय प्यायचे नाहीत. लिंगायतांत जुनी माणसं पाणी वस्त्रगाळ करून घेतात, त्यात नवल नाही. पण हे प्रवासात नाइलाजानं बाटली घ्यावी लागली तर सीलबंद बाटलीचं पाणीसुद्धा उपरण्याच्या टोकातून गाळायचे. बीडच्या बसस्टँडवर मी डोळ्यांनी बघितलंय. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि हे आपले तांब्यावर उपरणं ताणून शांतपणे ओततायत. जहाजावरसुद्धा रोज पहाटे गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेला ते असंच पाणी गाळायचे म्हणे. खोलीतला सोबती दुसऱ्या मुलखातला. तो बिचारा समजायचा की ह्या माणसाला पोटाचा आजार आहे.

मी विज्ञान शिकवते हे कळल्यापासून माझ्यामागे एक नवीच पीडा लागली. संध्याकाळी मी जीपमधून उतरले की आप्पा जिन्याशी बसलेले असायचे.

"मॅडम, मला एक सांगा. जहाजावर पयला सायेब म्हनला, काच जड, काच फुटती, वाहायला तेल लई जळतं, म्हनून प्लास्टिकची बाटली चांगली. आमी टाळ्या वाजवल्या. मंग दुसरा आला. त्यो म्हनला, प्लास्टिक समुद्रात जातं, मासे मरत्यात, म्हनून पुठ्ठ्याची डबी चांगली. टाळ्या. तिसरा म्हनला, पुठ्ठ्याच्या आत प्लास्टिक अन् चंदेरी कागद चिकटवलेला असतोय, त्ये सुटं व्हत न्हाई, म्हनून ॲल्युमिनचा डबा चांगला. टाळ्या. चवथा म्हनला, डबा करायला वीज लई लागती, आता ज्यानं त्यानं नळाला भरून घ्यावं. समुद्राचं पानी गोडं करून नळाला येतच व्हतं की वो पयल्यापासून! पर गिऱ्हाइकं बोंबलायला लागली. आमी पैशे मोजलेत, आमी कावून भरून घ्यावं? मंग फिरून बाटली. आता ह्यातलं खरं काय?"

"आप्पा, ते असं एका वाक्यात सांगता येत नाही."

"मंग दोन वाक्यात सांगा."

मी खरंच वाचून काढलं. मोबाईलवर रात्रीपर्यंत वाचलं, आणि वाचलं तेवढी जास्त गोंधळले. एक जण म्हणतो किती वेळा वापरता त्यावर आहे, दुसरा म्हणतो किती लांबून आणता त्यावर आहे, तिसरा म्हणतो नंतर गोळा कोण करतं त्यावर आहे. शेवटी मी चिडून म्हटलं, "आप्पा, मला नाही माहीत. तुमचं जहाज गेलं खड्ड्यात, मला उद्याचा पाठ काढायचाय!" ते म्हणाले, "तुमाला पन न्हाई म्हाईत व्हय," आणि त्यांना उलट बरं वाटल्यासारखं दिसलं.

तोवर हे सगळं गमतीचं होतं. मग गिरिजाचं लग्न ठरलं.

गिरिजा म्हणजे आप्पांची एकुलती एक लेक. बीएस्सी झालेली, शांत, बापावर गेलेली नव्हती. स्थळ उमापूरचं, शेतीवाडी बख्खळ, घरात एकी, मुलगा गुणाचा. तिलाही तो मनापासून आवडला होता. मला तिनं फोटो दाखवला तेव्हा तिचे कान लाल झाले होते. सगळं उत्तम. फक्त त्या घरचा धंदा बाटलीबंद पाण्याचा. प्लॅन्टच होता त्यांचा.

देव पण काय काय गाठी मारतो! आप्पांनी आठ दिवस निरोप अडवून धरला. मग पोरीचं तोंड बघून हो म्हणाले. बैठकीत सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात नवऱ्या मुलाचे आजोबा प्रेमानं म्हणाले, "पान्याचं तुमी बघूच नका. आमच्याकडून बाटल्या. पोरापोरीचा फोटू छापून आनतो."

आप्पा म्हणाले, "न्हाई. लेकीच्या लग्नातलं पानी लेकीच्या बापाचं."

आजोबा चमकले. आपल्या घरचं पाणी नाकारलं, हे त्यांना लागलं. म्हातारा मानी होता. आप्पांच्या मंडळींनी, म्हणजे आम्ही ज्यांना काकू म्हणायचो त्यांनी, कशीबशी वेळ मारून नेली. पण गिरिजा त्या रात्री माझ्या खोलीत येऊन रडली. "मॅडम, आप्पा पाण्यापायी माझं लग्न मोडतील. तुम्ही सांगा ना त्यांना."

मी सांगायला गेले. म्हटलं, "आप्पा, घ्या ना बाटल्या. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"जहाजावर बी रोज एका दिवसाचाच प्रश्न व्हता," ते म्हणाले.

मग म्हणाले, स्टीलचे पेले लावू. काकू उसळल्या. "अन् धुवायचे कशानं? तुमच्या टाळूवरच्या घामानं? मे महिना हाय. टँकर आठवड्याला येतोय. एक पेला प्यायला अन् तीन पेले धुवायला, असं पानी हाय का घरात?" म्हणजे बाटली घेतली तर कचरा, पेला घेतला तर पाणी वाया. मी विज्ञानाची शिक्षिका, आणि मला काकूंचं गणित काही केल्या सुटेना.

शेवटी आप्पांनी स्वतःच तोड काढली. जहाजावरच्या कोणा जुन्या सोबत्याला फोन केला, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी टेम्पोतून खोकी उतरली. पुठ्ठ्याच्या डब्यांतलं पाणी! हाताच्या पंज्याएवढी चौकोनी डबी, फिकट रंगाची, वर निळा थेंब आणि इंग्रजीत चार ओळी. प्लास्टिकची बाटली नाही, धुणं नाही, पाणी थोडं, म्हणजे उरायचं भय नाही. "तिसऱ्या सायबाचं काय?" मी विचारलं. "त्ये सुटं होत नाही म्हणणारा?" आप्पा म्हणाले, "तुमी आता गप बसा."

उमापूरच्या दोन बस अकराच्या उन्हात मंगल कार्यालयासमोर थांबल्या. वऱ्हाड घामानं थबथबलेलं. आमच्याकडच्या पोरी ताटांत डब्या मांडून पुढे झाल्या. आणि वऱ्हाड जागच्या जागी थांबलं.

कोणी डबीला हात लावेना. चारदोन पोरं एकमेकांना ढोसत हसली आणि तीन तीन डब्या खिशात घालून मांडवामागे पसार झाली. मला वाटलं, बावरलेत. तेवढ्यात वऱ्हाडातले एक मुकादम, दरसाल ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन कर्नाटकात जाणारे, डबी नाकापासून लांब धरून ओरडले, "आरं ही तर तीच डबी हाय बे! आमी तोडीला गेलतो तवा फडाच्या बांधाला ह्याचाच सडा असायचा. ही दारू हाय!"

सीमेपलीकडे स्वस्तातली दारू अशाच पुठ्ठ्याच्या डबीत मिळते, हे आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोराला ठाऊक. आप्पा आयुष्यभर जहाजावर. त्यांना तेवढं ठाऊक नव्हतं. आणि मला ठाऊक असून सुचलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

मग जे झालं! लिंगायताच्या लग्नात, लग्न लावणारे जंगम स्वामी आत बसलेले असताना, दारात दारू वाटली! आजोबा तडक बसकडे वळले. "आमच्या घरचं पानी नको म्हनलात, त्ये ह्याच्यासाठी व्हय? गाड्या फिरवा."

मी धावले. "अहो, पाणी आहे! इथं लिहिलंय, मी वाचून दाखवते." आजोबा म्हणाले, "तुमी त्यांच्याच घरात ऱ्हाता, बाई." मी म्हटलं, मग वास घेऊन बघा. ते म्हणाले, "ह्या वयात मी दारूचा वास घिऊ?" कोणी फोडायला तयार नाही, कोणी चाखायला तयार नाही. ज्या पोरांनी दारू समजून मांडवामागे फोडून खात्री केली होती, ती आता पुढे येतील कशाला? बसचं इंजिन सुरू झालं. कार्यालयाच्या खिडकीतून नवरीच्या वेशातली गिरिजा दिसत होती. रडतसुद्धा नव्हती, नुसती बघत होती.

आप्पा मधोमध उभे होते, डोक्याला फेटा, आणि तोंड असं की त्यांना काय चाललंय तेच कळत नव्हतं. मग त्यांनी अंगरख्याची गुंडी काढली. गळ्यातल्या शिवदाऱ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घेतलं. उजव्या हातात डबी. दातानं कोपरा फाडला. त्या क्षणी मलासुद्धा वाटलं, खरंच पाणीच असेल ना?

त्यांनी डबीतली धार लिंगावर धरली.

दारू कोणी लिंगावर ओतेल का? जीव गेला तरी ओतणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. बोटांतून पाणी ठिबकत होतं. आप्पांनी तळहातातलं तीर्थ प्राशन केलं आणि हात तसाच पुढे धरून उभे राहिले.

आजोबा हळूहळू परत आले. ओंजळ केली. तीर्थ घेतलं. बराच वेळ जिभेवर घोळवलं.

"पानीच हाय," म्हणाले. मग कपाळाला आठ्या घालून, "पर मंग साधं पानी असल्या डबीत कावून घातलं?"

आप्पांनी तोंड उघडलं. "त्याचं असं हाय, पयला सायेब म्हनला..." काकूंनी त्यांचा दंड धरून आत ओढलं, म्हणून अक्षता वेळेवर पडल्या.

पण वऱ्हाडाची भीड काही चेपली नाही. डब्या तशाच राहिल्या. आणि आजोबांनी, काहीही झालं तरी, बसच्या डिकीत बाटल्यांची खोकी आणलीच होती. त्यांचा तरी काय दोष? तहानलेली माणसं होती. म्हणजे शेवटी डब्याही आल्या आणि बाटल्याही आल्या. प्रत्येक बाटलीवर नवरा-नवरीचा रंगीत फोटो.

जेवणाच्या वेळी आप्पा दिसेनात. मी शोधायला गेले, तर पंगतीच्या मागे पोतं घेऊन ओणवे झालेले. लोक दोन घोट प्यायचे, बाटली खाली टाकायचे, आणि येणारा जाणारा त्यावर पाय देऊन जायचा. बाटलीवर गिरिजाचं तोंड होतं. आप्पा एकेक बाटली उचलत होते, लेकीच्या तोंडावरची माती फेट्याच्या शेमल्यानं पुसत होते, आणि पोत्यात ठेवत होते. टाकत नव्हते, ठेवत होते. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "नवरीचा बाप कचरा येचायलाय," आणि पंगतभर खसखस पिकली.

मला इतका संताप आला की मी त्या माणसाच्या पुढ्यातलं ताट उचलणार होते. पण कुणावर चिडायचं? बाटली देणाऱ्यावर? पिणाऱ्यावर? की भरल्या मांडवात असा तमाशा करणाऱ्या ह्या म्हाताऱ्यावर? मला ठरवता येईना. मी पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं वेचायला लागले.

चारच्या सुमाराला गिरिजा निघाली. रडून रडून पोरीचा आवाज बसला होता. गाडीत बसली, दार लागलं, आणि काचेतून तिनं आप्पांना काहीतरी म्हटलं. ऐकू येईना. तिनं अंगठा तोंडाशी नेऊन खूण केली. पाणी. सकाळपासून तिच्या पोटात थेंब नव्हता. ज्या पाण्यासाठी एवढं रामायण झालं, ते नवरीला विचारायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आप्पा वळले. डब्यांची खोकी काकूंनी लाजेखातर केव्हाच आतल्या खोलीत कुलपात टाकली होती. टाकीत खडखडाट. नवऱ्या मुलानं खिडकीतून हात बाहेर काढला, हातात बाटली. तिला द्यायच्या आधी त्यानं ती आप्पांच्या पुढे धरली. चांगला मुलगा होता, खरंच.

आप्पा त्या बाटलीकडे बघत राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आजोबा, काकू, मुकादम, मी. मग त्यांनी बाटली घेतली. उभी हयात झाकणं उघडलेला माणूस, पण सील काही तुटेना. शेवटी कर्र करून तुटलं. त्यांनी खिडकीतून लेकीच्या ओठाला बाटली लावली. "पी बाई. हळू पी." ती गटागटा प्यायली. अर्धी संपवली. आप्पांनी झाकण घट्ट लावलं आणि बाटली तिच्या मांडीवर ठेवली.

"असू दे जवळ. उमापूर लांब हाय. वाटंत लागंल."

गाडी गेवराईच्या दिशेनं गेली. धुरळा खाली बसला. माणसं आत गेली. आप्पा तिथंच उभे.

"मॅडम, म्या आत्ता बरं केलं का वाईट?"

"आप्पा, लेकीला तहान लागली होती. तुम्ही तिला पाणी पाजलं."

"त्ये खरं," ते म्हणाले. "पर बाटली?"

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. "मला नाही माहीत आप्पा, खरंच नाही माहीत," मी ओरडलेच त्यांच्यावर. त्यांनी मान हलवली. भिंतीला टेकवलेलं बाटल्यांचं पोतं त्यांनी एका टोकाला धरलं.

"कुठं न्यायचंय?" मी विचारलं.

"आदी उचलू तर," ते म्हणाले.

पोतं हलकंच होतं. तरी दोघांनी मिळून उचललं.